कुलूप कोणतं, किल्ली कुठली?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मोबाइल फोनविषयी बोलायचं म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. त्याने जग किती जवळ आलं हे एकजण सांगतो आणि त्याने पोरं कशी बिघडली हे दुसरा सांगतो. मला आज यातलं काहीच सांगायचं नाही. मला बोलायचं आहे ते सिमकार्डाच्या पाकिटात घडी घालून ठेवलेल्या एका कागदाविषयी, आणि त्या कागदावरच्या एकाच वाक्याविषयी. २००८ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ते वाक्य मी इतक्या वेळा वाचलं, की तितक्या वेळा कुठली पोथीसुद्धा वाचली नसेल.

वाक्य असं होतं : 'सिम अवरोधित झाल्यास सेवा पुरवठादाराने पुरविलेला आठ अंकी पीयूके क्रमांक प्रविष्ट करून नवीन पिन निश्चित करावा.' त्याखाली चांदण्यांची एक ओळ : **०५*पीयूके*नवीन पिन*नवीन पिन#. बस, एवढंच.

व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात चूक नाही. हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण अशी वाक्यं लिहिण्यातच माझी नोकरी गेली. बत्तीस वर्षं एका सरकारी कार्यालयात मी टिपण्या, परिपत्रकं आणि सूचना लिहिल्या. 'संबंधितांनी आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित मुदतीत अर्ज सादर करावेत' हे वाक्य माझ्या हातून किती वेळा गेलं असेल, त्याची गणती नाही. एकदा फलकावर अशीच सूचना लावून मी जागेवर येऊन बसलो, तर धोतर-टोपीतले एक बाबा आत आले. म्हणाले, "साहेब, तुमचा कागद वाचला. आता कागदं कोणती आणायची अन् कधीपर्यंत, तेवढं सांगा." मी म्हणालो, "बाबा, तेच तर लिहिलंय." ते शांतपणे म्हणाले, "न्हाई साहेब. ते न्हाई लिव्हलं."

तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे सिमकार्डाचा कागद हातात आला, तेव्हा त्या बाबांची आठवण झाली.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गारखेड्यात सूतगिरणी चौकाच्या अलीकडे मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवत. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी खोलायच्या, जुनी तार काढून नवी भरायची, असा धंदा. आमचं शहर तेव्हा औरंगाबाद होतं. छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ मध्ये लागलं. २००८ म्हणजे कडक भारनियमनाचे दिवस. खेड्यात वीज यायची रात्री-अपरात्री, आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या, दाब पडायचा आणि मोटारी जळायच्या. आडूळ, चितेगाव, करमाड, बिडकीन, सगळीकडून शेतकरी मोटारसायकलच्या कॅरिअरला मोटार बांधून गारखेड्यात यायचे. दादांना ते मिस्त्री म्हणत.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि आठवड्याभरात दादा गेले. रात्री छातीत दुखलं, पुढची सकाळ त्यांनी पाहिली नाही. तेरा दिवस दुकान बंद. चौदाव्या दिवशी शटर उघडलं तेव्हा आत अकरा मोटारी होत्या. काही तयार, काही खोललेल्या. प्रत्येकीला तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली; पण चिठ्ठीवर मालकाचं नाव नाही. नुसतं गाव आणि हॉर्सपॉवर. 'आडूळ ५', 'करमाड ३'. दादांना तेवढं पुरत असे. बाहेर गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, आणि इथे अकरा विहिरींच्या मोटारी कुलपात. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं की चार-पाच जण येऊन शटर पाहून परत गेले. कोण, कुठले, ते त्याला माहीत नव्हतं.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, लोकांच्या मोटारी अशा पडून राहिल्या तर मला झोप लागायची नाही. सगळ्यांचे नंबर ह्यांच्या फोनमध्ये आहेत. तेवढे काढा."

दादांचा फोन म्हणजे नोकिया ११००, तो डोक्याला टॉर्च असलेला. त्या फोनच्या पोटात पन्नासच नावं मावत, म्हणून गिऱ्हाइकांची नावं सिमकार्डात साठवलेली. तेरा दिवसांत बॅटरी पार उतरली होती. पुण्याहून आलेल्या पुतण्याने तो चार्जरला लावला, चालू केला आणि फोनने पिन मागितला.

दादांनी पिन लावलाय हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कारण नंतर कळलं. आदल्या वर्षी दुकानातून कुणीतरी त्यांचं कार्ड काढून स्वतःच्या फोनात घातलं होतं आणि सगळा बॅलन्स उडवला होता. तेव्हा एका ओळखीच्या पोराने त्यांना हे कुलूप लावून दिलं. फोन चोवीस तास चालूच असल्यामुळे तो पिन पुन्हा टाकायची वेळ आली नाही.

पुतण्याने १२३४ टाकून पाहिलं. मग दादांचं जन्मसाल. मग दुकानाच्या जुन्या फोनचे शेवटचे चार आकडे. तीन वेळा चुकलं आणि पडद्यावरचा मजकूर बदलला. आता फोन पिन नव्हे, पीयूके मागू लागला. आम्ही पाकिटातला कागद शोधून काढला. कागद म्हणत होता, आठ अंकी. पुतण्या इंजिनीअर. तो म्हणाला, "आठ अंकी म्हणजे तारीखच असणार. दोन दिवसाचे, दोन महिन्याचे, चार सालाचे." मलाही ते पटलं. दादांच्या जन्मतारखा दोन, एक शाळेतली आणि एक खरी. त्यांच्या पिढीत सगळ्यांच्याच दोन असत. दोन्ही टाकल्या. मग वहिनींची, मग लग्नाची, मग त्याची स्वतःची, मग बहिणीची. कुठलीच चालली नाही. चांदण्यांच्या त्या ओळीत 'पीयूके' लिहिलं होतं म्हणून मी आपलं इंग्रजी पी, यू, के या अक्षरांची बटणं दाबून पाहिली, म्हणजे ७, ८ आणि ५. ते फोनने मानलंच नाही. हसू नका, कागदावर दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.

हेल्पलाइनला फोन लावला. ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला, ज्या क्रमांकाविषयी माहिती हवी आहे त्याच क्रमांकावरून संपर्क साधा. तो क्रमांक बंद पडला म्हणूनच तर फोन केला होता! मग कंपनीच्या शहरातल्या काउंटरवर गेलो. कंपनीचं नाव मी घेत नाही. दुसऱ्या कंपनीत यापेक्षा बरं झालं असतं असं मला वाटत नाही. काउंटरवरची मुलगी अदबीने बोलली. म्हणाली, "काका, ग्राहकाला स्वतः यावं लागेल." मी सांगितलं, ग्राहक आता येऊ शकत नाही. ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, मृत्यूचा दाखला आणा, वारसांची कागदपत्रं आणा, नंबर वहिनींच्या नावावर करून नवीन सिम देऊ. मी सुटकेचा श्वास टाकला. उठता उठता सहज विचारलं, "म्हणजे त्यात सगळी नावं येतील ना?" ती म्हणाली, "नावं कशी येतील? ती जुन्या कार्डात."

तिचं चुकलं नाही, हे मला आजही वाटतं. कुणीही येऊन 'माझ्या भावाचा फोन आहे' म्हणावं आणि तिने किल्ली देऊन टाकावी, असं करता येणार नाही. नियम बरोबर होता. पण नवीन सिम घेतलं की नंबर मिळतो आणि नावं मिळत नाहीत, एवढी गोष्ट मी विचारली म्हणून कळली. विचारली नसती तर?

शेवटी मी पैठण गेटला गेलो. त्या काळी पैठण गेटच्या आसपास मोबाइलची दुकानं खेटून खेटून होती. हात-दोन हात रुंदीच्या टपरीएवढ्या जागेत पोरं भिंग डोळ्याला लावून बसलेली. त्यातल्या एकाला फोन दाखवला आणि म्हणालो, "अनलॉक करून दे बाबा." त्याने मान वर न करता विचारलं, "काका, कुठलं लॉक?"

बत्तीस वर्षं सूचना लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचला नव्हता, आणि कागद लिहिणाऱ्यालाही नाही.

बघा ना, आपल्या भाषेत दार बंद करण्याचे किती प्रकार आहेत. कडी लावणं, खिट्टी घालणं, अडसर टाकणं, कुलूप घालणं, टाळं ठोकणं, सील ठोकणं. कोणतं कशाने उघडतं हे लहान पोरालाही कळतं. टाळं ठोकलंय म्हटल्यावर कुणी खिट्टी चाचपत बसत नाही. फोनच्या दुनियेत मात्र या सगळ्याला एकच शब्द, लॉक. आणि सगळ्याच्या उलट एकच शब्द, अनलॉक.

त्या जुन्या नोकियाची बटणं खिशात आपोआप दाबली जाऊ नयेत म्हणून एक लॉक असे. एक बटण आणि मग चांदणी दाबली की सुटायचं. ती झाली कडी. फोनचा स्वतःचा सिक्युरिटी कोड वेगळा. नोकियात तो कारखान्यातून १२३४५ असा येई, आणि बहुतेकांनी तो कधी बदललाच नसेल. सिमचा पिन आणखी वेगळा. तो फोनमध्ये नसतो, कार्डात असतो, म्हणून कार्ड दुसऱ्या फोनात घातलं तरी कुलूप सोबत जातं. पिन तीनदा चुकला की कार्ड मिटतं आणि पीयूके मागतं. पीयूके मात्र दहा वेळाच टाकता येतो. दहाही चुकले की ते कार्ड कायमचं गेलं, आतल्या नावांसकट. जगभर सगळीकडे हाच हिशेब, तीन आणि दहा.

मग एक लॉक कंपनीचं. फोन एकाच कंपनीच्या जाळ्यावर चालेल अशी बांधणी. आपल्याकडे याचा त्रास तुलनेने कमी झाला, कारण आपण फोन दुकानातून घेतो आणि कार्ड वेगळं घेतो. अपवाद झाले. २००३ मध्ये रिलायन्सने पाचशे एक रुपये भरून घेऊन जे फोन दिले, त्यात दुसऱ्या कंपनीचं कार्ड घालायची सोयच नव्हती. पण अमेरिकेत ही सर्रास पद्धत. आमच्या भागात पुष्कळांची मुलं तिकडे आहेत. ती सुट्टीला येताना आई-वडिलांसाठी आपला जुना फोन आणत, त्यात इथलं कार्ड घातलं की फोन ढिम्म. मग तोही पैठण गेटला.

तिथे तर या एका शब्दावरून मोठं रामायण झालं. २६ जानेवारी २०१३ पासून कंपनीच्या परवानगीशिवाय नवा फोन असा मोकळा करणं अमेरिकेत बेकायदा ठरलं. एक लाखाहून अधिक लोकांनी व्हाइट हाउसकडे अर्जावर सह्या केल्या. शेवटी संसदेने कायदा केला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामांनी त्यावर सही केली. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती कायद्याच्या आधीची गोष्ट. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांनी सरकारी नियंत्रकासमोर एक आचारसंहिता मान्य केली. तिच्यात फोन मोकळा करण्याचे नियम स्पष्ट, थोडक्यात आणि सहज सापडतील असे लिहू, असं कलम होतं. म्हणजे सूचना कळेल अशी लिहावी, हे तिथेही कलम करून वदवून घ्यावं लागलं. कॅनडाने २०१७ च्या डिसेंबरपासून आणि ब्रिटनने २०२१ च्या डिसेंबरपासून असे बांधलेले फोन विकायलाच बंदी घातली. पुस्तिका सुधारण्यापेक्षा कुलूपच काढून टाकलेलं बरं, असा विचार त्यांनी केला असावा.

आणि आताचे स्मार्टफोन. त्यांच्यावर खात्याचं लॉक असतं. ॲपलने ते २०१३ मध्ये आणलं, अँड्रॉइडने २०१५ मध्ये. फोन पुसून कोरा केला तरी जुन्या मालकाचा ईमेल आणि पासवर्ड मागतो. चोरावर हा चांगला उपाय, पण भावाने बहिणीला दिलेला जुना फोनही त्याच पंगतीत बसतो. पडद्यावरचा पॅटर्न विसरलात तर अँड्रॉइडच्या अधिकृत मदत-पानावर जो उपाय सापडतो, तो फोन पुसून टाकण्याचा. उघडण्याचा रस्ता शोधायला निघालेल्या माणसाला असं सांगणं म्हणजे घराचं दार उघडून देतो म्हणायचं आणि आतलं सामान जाळायचं. फोटो दुसरीकडे साठवलेले असले तर ठीक, नाही तर गेले.

सगळ्यात शेवटचं सरकारी सील. हरवलेला फोन देशभरात निरुपयोगी करण्याची सोय २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा आपल्या महाराष्ट्रात सुरू झाली आणि २०२३ च्या मे महिन्यात 'संचार साथी' या नावाने सगळ्या देशात आली. फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक देऊन फोन बंद करता येतो. आता त्यातली मेख ऐका. फोन सापडला आणि परत चालू करायचा असेल, तर बंद करताना मिळालेला विनंती क्रमांक लागतो. फोन हरवल्याच्या धांदलीत तो कुठे लिहून ठेवायला सुचेल, याचा ज्याचा त्याने विचार करावा. ही सोय चांगली आहे, तिच्यामुळे लोकांचे फोन परत मिळाले आहेत. पण तो क्रमांक जपा, हे वाक्य मोठ्या अक्षरात सगळ्यात वर असायला हवं.

पैठण गेटच्या त्या पोराकडे परत येतो. सिमचं लॉक आहे म्हटल्यावर त्याने भिंग काढून ठेवलं आणि दुसरा प्रश्न विचारला, "पीयूके किती वेळा टाकलाय?" मी बोटं मोजली. सहा. तो म्हणाला, "आता हात लावू नका. चार राहिले." अंगावर काटा आला. घरी बसून आम्ही तारखा आठवत होतो, आणखी चार नक्की आठवल्या असत्या. आत्याची, मावशीची, दुकानाच्या उद्घाटनाची. फोन काही सांगत नव्हता आणि कागदातही ही दहाची मर्यादा कुठे नव्हती.

मग त्याने तिसरा प्रश्न विचारला. "कार्ड नवीन घेतलं तेव्हा ते एका मोठ्या प्लॅस्टिकच्या कार्डातून मोडून काढलं असेल. तो उरलेला तुकडा कुठाय? त्याच्यावर छापलेला असतो पीयूके."

मी तिथेच उभ्या उभ्या खिशातला कागद काढला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. 'सेवा पुरवठादाराने पुरविलेला.' पुरविलेला! भूतकाळ. म्हणजे आम्हाला तो आधीच दिलेला होता, पहिल्या दिवसापासून घरात पडून होता. मी मात्र तो शब्द 'पुरविण्यात येणारा' असा वाचत होतो आणि मागायला काउंटरवर गेलो होतो. लिहिणाऱ्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. त्याला माहीत होतं की क्रमांक प्लॅस्टिकवर छापलेला आहे, म्हणून त्याला ते लिहावंसं वाटलं नाही. मला माहीत होतं की कागदपत्रं म्हणजे सातबारा आणि आठ-अ, म्हणून मलाही कधी लिहावंसं वाटलं नव्हतं.

त्या पोराने पैसे घेतले नाहीत. "केलं काय मी?" म्हणाला.

यावर दादांची एक गोष्ट सांगायलाच हवी. दादा सातवीपर्यंत शिकलेले. पण मोटार परत देताना ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला निळ्या पेनने लिहून देत : 'आधी पाणी भरा. मग चालू करा. कोरडी चालवली तर सील जळेल.' ज्याला पंपाची माहिती आहे त्याला हसू येईल, कारण पंपात आधी पाणी भरावं लागतं हे शेतकऱ्याला दादांपेक्षा जास्त माहीत. पण दादा म्हणायचे, "मालक येत नाही रे दर वेळी. कधी त्याचं पोरगं मोटार घेऊन जातं, कधी सालदार. रात्री दोनला लाइट येते, अंधारात जो बटण दाबतो त्याच्यासाठी लिहितो." त्यांची चिठ्ठी कोण वाचणार, हे त्यांना माहीत होतं. तीच चिठ्ठी पुढून मात्र 'करमाड ३' एवढीच. कारण ती बाजू ते स्वतःसाठी लिहीत, आणि आपल्यामागे ती दुसऱ्या कुणाला वाचावी लागेल असं त्यांच्या मनातही आलं नसेल. ते माझ्याच भावासारखं झालं, म्हणजे माझ्यासारखंच.

प्लॅस्टिकचा तुकडा शोधायला दोन दिवस लागले. घरातलं कपाट, देव्हाऱ्यामागची पेटी, बँकेची पासबुकं, सगळं पाहून झालं. पुतण्या तोवर पुण्याला परत गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्याखाली तारेच्या बिलांची एक गड्डी सापडली, रबर लावलेली. बिलं वाकू नयेत म्हणून दादांनी मध्ये काहीतरी कडक घातलं होतं. तेच ते कार्ड.

त्यावर आठ आकडे होते. सात स्पष्ट. पाचवा आकडा वार्निश लागून गेलेला. तो ३ होता की ८, ते भिंगातूनही कळेना. वहिनी कंदिलाशेजारी बसलेल्या, कारण लाइट नव्हती. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच दाबा. माझा हात थरथरतो." माझाही थरथरत होता. पहिल्यांदा ८ धरून टाकला. चुकला. सात वेळा झाले, तीन राहिले. ३ धरून टाकला.

फोनने नवीन पिन मागितला, मग तोच पुन्हा मागितला, आणि उघडला.

नावांच्या यादीत माणसांची नावं जवळजवळ नव्हतीच. तिथेही 'आडूळ ५', 'करमाड ३', 'बिडकीन साडेसात'. दादांनी माणसं मोटारींच्या नावानेच साठवली होती. चिठ्ठ्या आणि यादी समोर ठेवून आम्ही जोड्या लावत गेलो आणि अकराच्या अकरा जुळल्या. मी वहिनींना म्हणालो, पहिला फोन आत्ताच लावू. 'आडूळ ५' लावला. दोनदा वाजला आणि तिकडून मोठ्याने आवाज आला, "काय मिस्त्री! कुठं गायब झाला होता? झाली का आमची मोटार?"

त्याच्या फोनवर दादांचं नाव आलं होतं. मला एक अक्षर बोलता येईना. वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मिस्त्रींच्या घरून बोलतेय. मोटार झालेली आहे. उद्या दुकान उघडं आहे."

पुढच्या आठवड्यात लोक येऊन मोटारी घेऊन गेले. खोललेल्या चार मोटारी दादांच्या ओळखीच्या एका मिस्त्रीने पुऱ्या करून दिल्या. कुणी पैसे ठेवले, कुणी ज्वारीचं पोतं आणलं. दहा मोटारी गेल्या. अकराव्या मोटारीचा नंबर लावला की तो अस्तित्वात नाही असं ऐकू येई. पुढे दुकान भाड्याने दिलं, तेव्हा वहिनींनी ती घरी आणली. मागच्या अंगणात पत्र्याखाली ठेवली आहे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं.

तर श्रोतेहो, एवढी एक सूचना सांगतो आणि थांबतो. २००८ च्या दिवाळीच्या आसपास पाचोड भागातल्या कुणाची तीन हॉर्सपॉवरची मोटार गारखेड्यात मिस्त्रींकडे राहून गेली असेल, तर ती तयार आहे. सूतगिरणी चौकात, मिस्त्रींचं दुकान कुठे होतं असं विचारलं की जुनी माणसं घर दाखवतील. कागद कोणताच आणायचा नाही. मोटारीच्या झाकणावर एक खूण आहे, ती काय आहे एवढं सांगायचं. पैसे द्यायचे नाहीत. मुदत नाही.